ट्रूपचा कॉर्नर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, नातू ऐकायलाच तयार नाही. मँचेस्टर सिटीच्या हालांडचे एका हंगामात 36 गोल म्हणजे विक्रम, आणि आजोबा मात्र 60 गोलांचं सांगतायत. हालांडचे 36 हा 2022-23 चा प्रीमियर लीगचा विक्रम आहे, त्यात पोरगं चुकत नाही. पण इंग्लंडमधलं लीग फुटबॉल प्रीमियर लीगपासून सुरू झालेलं नाही. 1927-28 च्या हंगामात लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन क्लबच्या डिक्सी डीननं पहिल्या, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये 39 सामन्यांत 60 गोल मारले. जवळजवळ शंभर वर्षं होत आली, तिथवर कुणी पोचलेलं नाही. मोसम संपला तेव्हा हा पोरगा फक्त 21 वर्षांचा होता.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुला अजून महिनाभर घरातच बसायचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. नातवाला वाचून दाखव. शेवटचा भाग तेवढा तुझ्यासाठी आहे.

डीनचं पाळण्यातलं नाव विल्यम राल्फ. जन्म 22 जानेवारी 1907, बर्कनहेडचा. मर्सी नदीच्या एका काठाला लिव्हरपूल आणि समोरच्या काठाला बर्कनहेड, मधे फेरीबोटी. जहाजबांधणीचं गाव. बाप रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. पोरानं लहानपणी पहाटे दुधाचा रतीब घातला, आणि शाळा सुटल्यावर चौदाव्या वर्षी रेल्वेत फिटरच्या हाताखाली लागला. तिथं त्यानं रात्रपाळी मागून घेतली. रात्रपाळी कुणालाच नको असते, याला हवी होती, कारण दिवस खेळायला मोकळा राहायचा. ‘डिक्सी’ हे टोपणनाव त्याला आवडायचं नाही, बरं का. जवळची माणसं त्याला बिल म्हणायची. पण स्टँडमधल्या माणसांनी एकदा ठेवलेलं नाव पुसता येत नाही, हे आपल्या पेठेत वेगळं सांगायला नको.

बापानं त्याला लहानपणी गुडिसन पार्कवर एव्हर्टनचा सामना दाखवला होता. तेव्हापासून पोराच्या डोक्यात तोच निळा शर्ट. आधी गावच्याच ट्रॅनमिअर रोव्हर्सकडून खेळला. तिथं 1924-25 मध्ये लीगच्या 27 सामन्यांत 27 गोल मारले, तेव्हा मोठमोठ्या क्लबांची माणसं बर्कनहेडला खेपा घालायला लागली. मार्च 1925 मध्ये एव्हर्टनचे सेक्रेटरी टॉमस मॅकिंटॉश नदीकाठच्या वुडसाइड हॉटेलात येऊन बसलेत, असा निरोप घरी आला. अठरा वर्षांचा पोरगा घरापासून हॉटेलापर्यंत धावतच गेला आणि सही करून मोकळा झाला. ट्रॅनमिअरला 3000 पौंड मिळाले.

आता पगाराचं ऐक, म्हणजे नातवाला काळ कळेल. त्या वेळी लीगनं पगाराची कमाल ठरवून दिली होती: हंगामात आठवड्याला 8 पौंड, उन्हाळ्यात 6. तू 60 गोल मार नाहीतर 6, जास्तीत जास्त तेवढेच. शिवाय क्लबनं सोडल्याशिवाय दुसरीकडे जाता यायचं नाही. पगाराची ही मर्यादा 1961 पर्यंत टिकली. हजारोंची गर्दी ज्याला बघायला तिकीट काढायची, त्याच्या घरी जायचा तो फार तर एवढाच पैसा. मला हे वाचताना राग येतो, अजूनही.

एव्हर्टनकडून पहिला पूर्ण हंगाम झाला, बत्तीस गोल झाले, आणि जून 1926 मध्ये उत्तर वेल्समध्ये हॉलीवेलजवळ त्याच्या मोटरसायकलला अपघात झाला. कवटीला फ्रॅक्चर, जबडा मोडलेला. दीड दिवस शुद्धीवर नव्हता. डॉक्टरांना वाटत होतं, जगला तरी खेळणं संपलं. आणि समजा खेळलाच, तरी हेड मारणं कायमचं बंद.

तो ऑक्टोबरात परत मैदानात उतरला. लीड्सविरुद्ध. आणि गोल मारला तो डोक्यानं.

गड्या, इथं मी नेहमी थांबतो. आजच्या पोरांना हेडर म्हणजे काय वाटत असेल ते असो, तुला-मला तो जुना चामड्याचा चेंडू माहीत आहे. आत ब्लॅडर, वरून शिवण, तोंडाशी वादी आवळलेली. चिखलात अर्धा तास लोळला की पाणी पिऊन दगडासारखा व्हायचा. वादीची गाठ कपाळावर बसली तर कातडं सोलायचं. माझ्या डाव्या भुवईवरची खूण त्याचीच, आणि ती चांगल्या धडधाकट कवटीवर. डीननं चार महिन्यांपूर्वी तडकलेलं कपाळ त्याच चेंडूखाली दिलं. पुढं लोक म्हणायला लागले, डॉक्टरांनी त्याच्या डोक्यात लोखंडी पट्टी बसवलीय म्हणून हेड एवढा जोरात लागतो. असल्या दंतकथा उगवतात, कारण जे डोळ्यांनी दिसतं त्याचा अर्थ लागत नाही.

उंचीनं काही ताडमाड नव्हता, पाच फूट दहा इंच. पण उडी मारायची वेळ त्याला कळायची. समोरचा सेंटर हाफ, म्हणजे बचावातला मधला गडी, उडून खाली येताना हा वर असायचा. आणि तो चेंडूला नुसतं डोकं आपटायचा नाही, मान वळवून कोपऱ्यात ‘ठेवायचा’. लिव्हरपूलचा गोलकीपर एलिशा स्कॉट त्याचा मैदानातला हाडवैरी आणि बाहेरचा दोस्त. दोघं रस्त्यात समोरासमोर आले, डीननं ओळखीची मान डोलावली आणि स्कॉटनं सवयीनं बाजूला झेप घेतली, असा किस्सा तिकडे सांगतात. खरा असो नसो, त्या मानेची दहशत त्यात नेमकी पकडलीय. लिव्हरपूलविरुद्ध त्यानं एकूण 19 गोल मारले.

तर तो 1927-28 चा मोसम. पहिल्या नऊच्या नऊ लीग सामन्यांत गोल, आणि नवव्यात तर मँचेस्टर युनायटेडविरुद्ध एव्हर्टनचे पाचही गोल याचे. फेब्रुवारीत लिव्हरपूलविरुद्ध त्यांच्याच मैदानावर, अॅनफिल्डला, हॅटट्रिक. त्याच्या आदल्याच मोसमात मिडल्सब्रोच्या जॉर्ज कॅमसेलनं दुसऱ्या डिव्हिजनमध्ये 59 गोल मारून ठेवले होते, आणि तो आकडा कुणी मोडेल असं कुणाला वाटत नव्हतं.

एक गोष्ट नातवाला प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर उद्या तोच कुठून तरी वाचून येईल. 1925 मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला होता. आधी पास सुटताना फॉरवर्डच्या पुढं प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू असावे लागत, ते दोनवर आलं. बचावाच्या जुन्या सवयी एका रात्रीत कुचकामी झाल्या आणि सगळीकडे गोलांचा पाऊस पडायला लागला. डीनला त्याचा फायदा झाला, नक्कीच झाला. पण तो नियम सगळ्यांनाच होता. 60 एकाचेच झाले. शिवाय पुढच्या दोन-चार वर्षांत क्लब शहाणे झाले, सेंटर हाफला मागं ओढून फक्त सेंटर फॉरवर्डवर पहारा ठेवायला लागले, आणि तशा पहाऱ्यात 1931-32 ला याच गृहस्थानं पहिल्या डिव्हिजनमध्ये 45 मारले. म्हणून मी नियमाला त्याचा वाटा देतो, त्याहून जास्त नाही.

मोसमाचे शेवटचे दोन सामने राहिले तेव्हा कॅमसेलला मागं टाकायला सात गोल हवे होते. बर्नलीच्या मैदानावर चार मारले, पण त्यातच मांडीचा स्नायू दुखावला. आठवडाभर ट्रेनर हॅरी कुक त्याच्या पायावर लेप चढवत बसला होता. शनिवार, 5 मे 1928. गुडिसन पार्क. समोर आर्सेनल. एव्हर्टननं लीग आधीच जिंकली होती, हडर्सफील्ड दोन गुणांनी मागं राहिलं. गर्दी आली होती ती तीन गोल बघायला.

आर्सेनलनं आधी गोल केला. लगेच डीननं फेडला. मग पेनल्टी मिळाली, ती त्यानंच घेतली आणि घातली. 59. कॅमसेलची बरोबरी. आर्सेनलनं पुन्हा फेडला, दोन-दोन. पहिल्या अर्ध्यातच एवढं झालं, आणि मग काही होईना. तू विचार कर मर्दा, दुखरी मांडी, अंगावर आर्सेनलचे दोन-दोन जण, आणि हजारो माणसं प्रत्येक पासला उभी राहतायत. मिनिटं सरत चालली. शेवटची काही मिनिटं उरली असताना डावीकडून कॉर्नर मिळाला.

कॉर्नर घ्यायला गेला अॅलेक ट्रूप.

हा ट्रूप कोण? स्कॉटलंडमधल्या फॉरफरचा, डंडीकडून एव्हर्टनकडे आलेला लेफ्ट विंगर. चणीनं अगदी लहान, साडेपाच फुटांच्या आत-बाहेर. त्याचं गळपट्टीचं हाड इतकं नाजूक होतं की धक्क्यानं जागचं हलायचं, म्हणून खांद्याला पट्ट्या करकचून आवळून तो खेळायचा. त्या काळात बॅक लोक विंगरला टचलाइनच्या बाहेर उडवायचे आणि रेफरी शिट्टीसुद्धा वाजवायचा नाही. रोज तो खांदा घेऊन तो त्यांच्यासमोर जायचा, आणि रोज चेंडू बरोबर डीनच्या कपाळाच्या उंचीवर आणून टाकायचा. उजवीकडून टेड क्रिचली हेच काम करायचा. एव्हर्टनचे त्या हंगामात एकूण 102 गोल झाले. त्यातले 60 डीनचे, आणि त्या 60 मागं हे दोघं.

ट्रूपनं कॉर्नर टाकला. डीन त्या घोळक्यातून वर आला आणि चेंडू आत गेला. साठ. लोक मैदानात घुसले. नंतर आर्सेनलनं अगदी शेवटी बरोबरी केली, सामना 3-3 सुटला, पण त्या गोलाकडे बघायला कुणाला वेळ होता! आर्सेनलच्या चार्ली बुकानचा, तोही त्या काळातला मोठा फॉरवर्ड, तो शेवटचा सामना होता. त्याचा निरोपही त्या गलक्यात बुडाला.

पुढचं भरभर सांगतो. इंग्लंडकडून पहिल्या पाच सामन्यांत 12 गोल, एकूण 16 सामन्यांत 18. एवढ्यावर निवड समितीनं त्याला का थांबवलं, हे माझ्या गळी उतरत नाही. 1930 मध्ये एव्हर्टन चक्क खालच्या डिव्हिजनमध्ये घसरलं. तो क्लब सोडून गेला नाही. पुढच्याच वर्षी 39 गोल मारून क्लबला वर आणलं, त्याच्या पुढच्या वर्षी पहिल्या डिव्हिजनची लीग, आणि 1933 मध्ये कॅप्टन म्हणून एफए कप, वेंब्लीवर मँचेस्टर सिटीला 3-0. कपच्या फायनलमध्ये शर्टांवर नंबर आले ते त्याच सामन्यात: एव्हर्टनला 1 ते 11, सिटीला 12 ते 22. डीनच्या पाठीवर 9 होता. आज नातवाच्या पाठीवर सेंटर फॉरवर्डचा म्हणून जो 9 असतो, त्याच्या मागं हे सगळं आहे.

पण मला त्याचा सगळ्यात मोठेपणा वाटतो तो 1936 च्या अखेरीचा. क्लबनं बर्नलीकडून टॉमी लॉटन नावाचा सतरा वर्षांचा पोरगा विकत आणला. सरळसरळ डीनच्या जागेसाठी. गुडिसनला जाताना ट्रामच्या कंडक्टरनं लॉटनला ओळखलं आणि तोंडावर सांगितलं, तू डिक्सीएवढा कधीच होणार नाहीस. डीननं मात्र पोराला जवळ घेतलं, तू माझी जागा घ्यायला आलायस हे मला माहीत आहे, माझ्याकडून लागेल ती मदत करीन, अशा अर्थाचं बोलला, आणि खरंच केली. हेडचं सगळं त्याला शिकवलं. ज्याच्या येण्यानं आपलं पान उठणार, त्याला वर कसं उडायचं ते शिकवायचं! आपण तालमीत असे वस्ताद पाहिलेत, म्हणून मला त्याची किंमत कळते. 1939 ला एव्हर्टन पुन्हा चॅम्पियन झालं तेव्हा गोल मारणारा लॉटन होता.

डीन तोवर क्लबमधून गेलेला होता. क्लबच्या नव्या कारभाराशी त्याचं जमलं नाही आणि मार्च 1938 मध्ये त्याला नॉट्स काउंटीला देऊन टाकलं. लीग आणि कप धरून 433 सामने आणि 383 गोल ज्यानं दिले, त्याला धड निरोपसुद्धा मिळाला नाही. 1939 च्या सुरुवातीला तो आयर्लंडमधल्या स्लायगो रोव्हर्सकडे गेला, लीगच्या सात सामन्यांत दहा गोल मारले आणि त्यांना कपच्या फायनलला नेलं. मग युद्ध आलं. युद्धानंतर त्यानं चेस्टरला पब चालवला, आणि नंतर लिटलवुड्स फुटबॉल पूल्सच्या ऑफिसात पोर्टरची नोकरी केली. फुटबॉलच्या निकालांवर लोक कूपनं भरायचे त्या कंपनीत. एप्रिल 1964 मध्ये, खेळणं सोडून पंचवीस वर्षं झाल्यावर, गुडिसनवर त्याच्यासाठी मदतीचा सामना झाला आणि त्याला बघायला हजारो लोक आले. 1976 मध्ये रक्ताच्या गुठळीमुळं उजवा पाय कापावा लागला.

1 मार्च 1980. गुडिसनवर एव्हर्टन-लिव्हरपूलचा डर्बी सामना. तब्येतीमुळं बऱ्याच दिवसांत तो मैदानावर गेला नव्हता, त्या दिवशी गेला. दुपारी जेवताना लिव्हरपूलचे माजी मॅनेजर बिल शँकली त्याच्याबद्दल बोलले. बीथोव्हेन, शेक्सपिअर, रेम्ब्रांट यांच्या पंक्तीत त्यांनी त्याला बसवलं. आणि संध्याकाळी, जिथं साठावा गोल मारला त्याच मैदानाच्या स्टँडमध्ये, हृदयविकाराच्या झटक्यानं डीन गेला. त्र्याहत्तर वर्षांचा होता. 2001 मध्ये मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. एव्हर्टनच्या पुरुषांच्या संघानं मे 2025 मध्ये गुडिसन सोडलं आणि नदीकाठच्या गोदीत नव्या मैदानावर गेला.

आता तुझ्यासाठीचा भाग.

ट्रूपचा पुतळा कुठं असल्याचं माझ्या वाचनात नाही. डीनचं वाचायला लागलो की दर वेळी मी त्या डाव्या कोपऱ्यापाशी अडकतो, आणि मला आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमचा डावा कोपरा दिसतो. तो पावसातला सेमीफायनल आठवतो का? तुझा घोटा सुजून टम्म झाला होता. हाफटाइमला तू बूट काढला नाहीस, काढला असतास तर परत चढला नसता. वरूनच क्रेप बँडेज गुंडाळलंस आणि सुतळीनं आवळलंस. मी शेजारीच बसलो होतो, तुझा ओठ दाताखाली धरलेला दिसत होता. शेवटच्या दहा मिनिटांत तू त्या पायावर त्यांचा बॅक चुकवलास आणि चेंडू असा उचलून टाकलास की मला उडीसुद्धा नीट मारावी लागली नाही. तो येऊन कपाळावर टेकला.

पोरांनी मला खांद्यावर घेतलं. स्टेडियमपासून पेठेपर्यंत गुलाल, हलगी, आणि वरती मी. वळताना एकदा मागं पाहिलं, तर तू कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी खाली बसला होतास आणि सुतळीची गाठ सोडवत होतास. ओली गाठ सुटत नव्हती. मला खाली उतरून तुझ्याकडे यायचं होतं. मी उतरलो नाही. रात्री तालमीत तू आलास तेव्हा नारळ फोडून झाला होता, मला कडं मिळालं होतं, आणि तू हसून मला मिठी मारलीस. तेव्हाही मी काही बोललो नाही. पन्नास वर्षं होत आली. लोक अजून कधी रस्त्यात भेटले तर त्या गोलाबद्दल मला विचारतात, आणि मी ‘हो’ म्हणून पुढं जातो. आता थांबून सांगायला लागलोय, की तो डावीकडून आला होता, घोट्याला सुतळी बांधलेल्या पायातून.

रविवारी दुपारी तुझ्याकडे येतोय. वहिनींना सांग, जेवायला आहे. आणि ते चांदीचं कडं ट्रंकेतून काढून घासून ठेवलंय, ते घेऊन येतो. नातवाच्या हातात तूच घाल.

तुझा,
सेंटर फॉरवर्ड